वहिनीची रेघ आणि दादाची चमकी

सोमवार

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. आज सकाळी मी वहिनीच्या यंत्रातला खरा पापुद्रा काढून ठेवला आणि त्याच्या जागी चमकी चिकटवली. चमकी कुठली, तर दादाने लग्नाच्या वाढदिवसाला वहिनीला दिलेल्या कार्डावरची. मोठ्या लाल बदामाच्या कडेला होती. एक कण खरवडला तर दादाचं प्रेम काही कमी होत नाही.

आता हे सगळं काय आहे ते सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल पोरगं वेडं आहे. मी शेवटच्या परीक्षेत दोनदा गटांगळी खाल्ली आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलो. मी पडद्यावर काच चिकटवली की खाली एकही बुडबुडा राहत नसे. माझी वहिनी एका लॅबमध्ये मोठ्या पदवीसाठी संशोधन करते. तिला थरथर न होणारा हात हवा होता. ती आईला म्हणाली, "आई, याला माझ्याकडे द्या." आई म्हणाली, "घेऊन जा बाई, परत आणू नकोस."

काम असं. नखाएवढा काळपट, चकचकीत दगड असतो. त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि ओढायची. पट्टीवर थर येतो. पट्टी दुमडायची, पुन्हा ओढायची. असं करत करत थर इतका पातळ होतो की डोळ्यांना दिसतच नाही. हाच तो पापुद्रा. मग तो चिपवर दाबायचा आणि मायक्रोस्कोपखाली शोधायचा. जाड असेल तर पिवळा दिसतो, पातळ झाला की निळसर. दगड तोच, नुसत्या जाडीने रंग बदलतो. निळसर मिळाला की त्याला चांदीच्या लुकणाने केसाहून बारीक तारा लावायच्या. हे काम मी डोळे मिटून करतो. (वहिनीचे सर म्हणतात, डोळे उघडे ठेवूनच कर. सर मला 'चिकटपट्टी' म्हणतात.)

या दगडाची गंमत म्हणजे वीज त्याच्या आतून जात नाही, फक्त अंगावरून जाते. वहिनीने हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे दादासारखा. आई काहीही बोलली तरी सगळं अंगावरून, आत काहीच नाही."

"दादाबद्दल असं बोलू नये," वहिनी म्हणाली, आणि तोंडावर ओढणी धरून हसली.

तर काल जेवताना वहिनी म्हणाली, "माझा पापुद्रा मी हजारात ओळखेन. पडद्यावर त्याची रेघ बघितली की पुरे." एवढी ऐट! मला राहवतंय का? म्हटलं, उद्या बघूच.

माझा बेत साधा होता. चमकीची काही रेघ येणार नाही, वहिनी आरडाओरडा करेल, मी टाळ्या पिटत बाहेर येईन. मी कपाटामागे उभा राहिलो. वहिनीने यंत्र लावलं. पडद्यावर रेघ आली. वर, खाली, वर, खाली, रोजच्यासारखी. आणि वहिनी गुणगुणायला लागली. ती खूश असली की गुणगुणते.

मी कपाटामागून गुपचूप निघून गेलो. चमकीपण चांगला माल निघाली म्हणायची.

मंगळवार

खरा पापुद्रा माझ्या डबीत नीट आहे. तो परत लावायला जागाच मिळेना. वहिनी यंत्रापुढून उठतच नाही. चहापण तिथेच.

रेघ कसली ते लिहायचं राहिलं. लेझरचा लाल उजेड पापुद्र्यावर पडतो. वाटेत एक चौकोनी यंत्र आहे, ते उजेडाला पीळ देतं. विजेचे झटके देऊन त्याला एकदा उजवा पीळ, एकदा डावा पीळ द्यायला लावतात. उजव्या पिळाचा उजेड पडला की पापुद्र्यावरची वीज एका बाजूला पळते, डाव्या पिळाचा पडला की उलट्या बाजूला. म्हणून रेघ वर-खाली. असं दुसऱ्या कुठल्या साध्या वस्तूत होत नाही म्हणे. मी मनात म्हटलं, चमकीत होतं की!

आधी कित्येक महिने ही रेघ म्हणजे मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखी असायची. वहिनी रोज तोंड पाडून घरी यायची. मग मी लॅब आवरली आणि दुसऱ्याच दिवसापासून रेघ अशी झाली. तो मी केलेला सगळ्यात सुंदर उद्योग. वायरींचं जंगल होतं तिथे. पिळाच्या यंत्राची वायर आणि पापुद्र्याची वायर मी एकत्र घेतली, घट्ट वेणी घातली, जागोजाग पट्ट्या आवळल्या. लेझर आणि पिळाचं यंत्र एकाच बोर्डावर आणलं, एक बटण दाबलं की दोन्ही बंद. वहिनी बघतच राहिली. "अरे बारक्या, किती छान केलंस!" आई म्हणते, आवरलेल्या जागेत बरकत येते. वहिनी म्हणते योगायोग. मी म्हणतो, माझा पायगुण.

बुधवार

आज सर आले. सर म्हणजे वहिनीचे मार्गदर्शक. उंच, वाकलेले, सदऱ्याच्या खिशात तीन पेनं आणि त्यातलं एकही चालत नाही. रेघ बघून त्यांनी खुर्ची ओढली. सर खुर्ची ओढतात म्हणजे मोठी गोष्ट.

"उजेड बंद करून पाहिलंस?"

"पाहिलं ना सर." वहिनीने माझ्या बोर्डाचं बटण दाबलं. रेघ एकदम आडवी, मेल्यासारखी. पुन्हा दाबलं, रेघ नाचायला लागली.

"वा," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काय चिकटपट्टी, पापुद्रा तूच काढलास ना? सुरेख आहे."

मी म्हटलं, "होय सर, चमकदार आहे."

शप्पथ, तोंडातून निघून गेलं. सर म्हणाले, परीक्षक यायचेच आहेत, त्यांना हेच दाखवू. पदवी त्यावरच ठरेल. वहिनी इतकी गुणगुणली की शेवटी सरांनी 'पुरे' म्हटलं.

आता सांगितलं तर मार. नाही सांगितलं तर... मार उद्या.

शुक्रवार

काल काही लिहिलं नाही. काल दादाने घरी पेढा— नाही, साखर वाटली, कारण दुसरं काही घरात नव्हतं. वहिनीची पदवी आधीच दोन वर्षं लांबली आहे. तिची नोकरी त्या पदवीवर अडली आहे, आणि दादा इतके दिवस स्वतः डबे करतो, कपडे धुतो आणि कोणी विचारलं तर "बायको शिकतेय" असं छाती फुगवून सांगतो. काल त्याने त्याच्या अख्ख्या ऑफिसला फोन केले.

"तुला कळतंय का काय झालंय?" त्याने मला विचारलं.

"कळतंय," मी म्हटलं.

"काय?"

"रेघ आलीय."

"गधड्या, इतिहास घडलाय!"

मी घशात अडकलेली साखर पाण्याबरोबर खाली ढकलली.

आज वहिनी सरांकडे बसली होती, तेव्हा मी यंत्र उघडलं. म्हटलं, खरा पापुद्रा बसवून टाकू, विषय संपला. चमकी काढली. तारा नुसत्या लोंबकळत होत्या, कशालाच न चिकटता. आणि तेवढ्यात काय डोक्यात आलं कोण जाणे, मी झाकण लावलं आणि बटण दाबलं.

रेघ आली.

वर, खाली, वर, खाली. चमकीपेक्षाही झोकदार!

मी खुर्चीवर बसलो. चमकीची रेघ येते, ठीक, चमकी हुशार असेल. पण तिथे काहीच नव्हतं. काहीच नसण्याची रेघ कशी येईल? आणि काहीच नसताना तीच रेघ येत असेल, तर इतके दिवस खऱ्या पापुद्र्याची म्हणून आपण बघत होतो ती कोणाची?

मी हुशार नाही, पण एवढं मलाही कळतं.

खरा पापुद्रा बसवला, झाकण लावलं, घरी आलो. खोडी मिटवली. कोणाला कळणार नाही. वहिनी परीक्षकांना रेघ दाखवेल, ते टाळ्या वाजवतील, पदवी मिळेल. मग कधीतरी दुसरा कोणीतरी, दुसऱ्या कुठल्या तरी गावात, असाच पापुद्रा लावेल आणि त्याची रेघ येणार नाही. मग लोक वहिनीचं नाव घेऊन हसतील. आणि ती शोधत बसेल, तिचं कुठे चुकलं.

आईने विचारलं, "तोंड का असं?" म्हटलं, पोट दुखतंय. तिने ओवा दिला. ओव्याने हे जायचं नाही.

शनिवार

सांगितलं.

वहिनी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. ती अख्ख्या बटाट्याचं साल एका सलग पट्टीत काढते, तुटू देत नाही. मी म्हटलं, "वहिनी, एक सांगू? मारू नकोस."

"सांग. मग ठरवते."

"सोमवारपासून यंत्रात पापुद्रा नव्हता. मी चमकी लावली होती. तुझ्या कार्डावरची. गंमत म्हणून."

साल तुटलं.

"कुठल्या कार्डावरची?"

"दादाने दिलेल्या. बदामाची."

"सोमवारपासून?" तिने सुरी खाली ठेवली. "सोमवारची रेघ सगळ्यात चांगली होती."

"हो. आणि काल मी तिथे काहीच लावलं नव्हतं. तेव्हा त्याहून चांगली आली."

मला वाटलं, आता लाटणं. पण तिने फळीवरच्या डब्यातून पेन काढलं आणि त्याचं टोपण चावत बसली. वहिनी फार रागावली की अशी करते. गप्प होते आणि टोपण चावते. मागे दादाने बिलाची बेरीज चुकवली होती आणि तिला ती चूक सापडली, तेव्हाही असंच चावलं होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "चपला घाल."

"कुठे?"

"आणि ते कार्ड घे."

लॅबमध्ये गेल्यावर तिने यंत्र चालू केलं. रेघ नाचायला लागली. मग तिने दादाचं कार्ड लेझरच्या वाटेत उभं धरलं. लाल ठिपका बरोबर बदामावर पडला. पापुद्र्यावर आता उजेडाचा कणही पडत नव्हता.

रेघ नाचतच होती.

"बटण दाबल्यावर तर बंद व्हायची," मी म्हटलं.

"बटण दाबल्यावर लेझरपण बंद व्हायचं आणि पिळाचं यंत्रपण. दोन्ही एकदम. मी फक्त उजेड बंद केलाच नाही कधी." तिचं बोट वायरीवरून फिरत फिरत माझ्या वेणीपाशी आलं. "ही कोणी घातली?"

तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"मी."

"कात्री दे."

तिने माझी पट्टी कापली. मग दुसरी. मग वेणी उलगडली आणि पिळाच्या यंत्राची वायर लांब टेबलाच्या पार पलीकडे नेऊन ठेवली. पडद्यावर रेघ थकल्यासारखी झाली, आणि आडवी पडली. पिळाच्या यंत्राला दिलेले विजेचे झटकेच शेजारच्या पापुद्र्याच्या वायरीत पाझरत होते. पापुद्र्याचा काही संबंधच नव्हता. चमकीचाही नव्हता. माझ्या बरकतीची रेघ होती ती.

मी म्हटलं, "वहिनी, मी परत मोबाइलच्या दुकानात जातो."

"गप्प बस. कार्ड सरळ धर."

घरी आलो. दारात दादा उभा होता, हातात पळी. "काय गं, एवढं काय काम निघालं?"

"तुमची चमकी," वहिनी म्हणाली, "फार हुशार निघाली." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दादाने माझ्याकडे बघितलं, मी चपलांकडे.

रविवार

सर घरी आले. आई गडबडली, खुर्ची दोनदा पुसली. वहिनीने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझं नाव मात्र आलंच नाही, "आमच्याकडून वायरी एकत्र बांधल्या गेल्या" म्हणाली. चमकीबद्दल म्हणाली, "आम्ही चमकी लावून पाहिली."

आम्ही! मला कानांवर विश्वास बसेना. सर मात्र खुळे नाहीत.

"चमकी लावून पाहायची कल्पना कोणाची?"

दादा छताकडे बघायला लागला. शेवटी मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"का लावलीस?"

"खोडी काढायला, सर."

सर हसले नाहीत, पण तिन्ही पेनं हलली. "म्हणजे मी वर्षानुवर्षं माझ्या मुलांना सांगतोय की खोटा नमुना लावून बघत जा. एकानेही ऐकलं नाही. आणि हा खोडी म्हणून करतो." मग ते वहिनीकडे वळले आणि आवाज बदलला. "बाई, परीक्षक काही थांबणार नाहीत. वायरी वेगळ्या ठेवून मोजलंस तर काय येतं?"

"माहीत नाही, सर. बहुतेक काहीच नाही. किंवा इतकं बारीक, की मला हवं आहे म्हणून दिसेल."

"तेच तर. मग असं करू. चिकटपट्टी डब्या तयार करेल. काहीत खरा पापुद्रा, काहीत खोटं काहीतरी. खरे किती, खोटे किती, तेसुद्धा सांगायचं नाही. तू मोजायचं आणि मला सांगायचं, कुठली खरी. बरोबर आलं तर परीक्षकांना बोलावू. नाही आलं तर मी त्यांना कळवतो की इथे काही नाही, आणि तू नवीन विषय घे."

नवीन विषय म्हणजे पहिल्यापासून सगळं. दादाने चहा तसाच खाली ठेवला.

"चालेल," वहिनी म्हणाली.

जाताना सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तू. तोंड बंद. इतके दिवस उगाच खोड्या केल्यास, आता एक कामाची खोडी कर."

बुधवार

डब्या झाल्या. निळं झाकण, हिरवं, लाल, पांढरं. आत कुठे काय आहे ते फक्त मला माहीत. सगळ्यांच्या तारा सारख्या, लुकण सारखं. मायक्रोस्कोपखाली बघायची वहिनीला मनाई. मोजताना पिळाची वायर टेबलाच्या त्या टोकाला, आणि उजेड अडवायला दादाचं कार्ड. आता ते लॅबचंच झालं आहे.

घरी मात्र जगणं कठीण झालं आहे. सगळ्यात आधी दादा. "मला सांग. मी तिला नाही सांगणार." दादाच्या पोटात गोष्ट तेवढाच वेळ राहते जेवढा तिला तोंडापर्यंत यायला लागतो. मग आई. "मी काय शिकलेली आहे? मला सांगितलंस तर भिंतीला सांगितल्यासारखं." मी म्हटलं, आई, ही भिंत पलीकडच्या घरापर्यंत बोलते. तिने मला वाढायचंच बंद केलं.

वहिनी विचारत नाही. नुसतं जेवताना माझ्या तोंडाकडे बघते. मी ताटात तोंड खुपसून जेवतो. आज नाकाला आमटी लागली.

गुरुवार

वहिनीने आज सगळ्या डब्या मोजल्या, पुन्हा पुन्हा. उद्या सकाळी सरांना सांगायचं आहे.

मला शेजारी बसून डब्या बदलायच्या होत्या. यासारखी शिक्षा नाही. हिरवी लावली, रेघ आडवी. पांढरी लावली, आडवी. लाल लावली तर जराशी हलल्यासारखी झाली, आणि वहिनी गुणगुणायला लागली! माझा जीव खाली-वर. मग तिने उजेडात कार्ड धरलं, रेघ तशीच हलत राहिली, आणि तिचं गुणगुणणं थांबलं. तिने लाल बाजूला ठेवली.

निळी लावली. रेघ कशी, तर अगदी बारीक, लंगडी. आडवीच म्हणा ना. बराच वेळ बघितल्यावर वाटतं, वर जातेय की काय. की खाली? कार्ड धरलं की तेवढंही नाही. कार्ड काढलं की पुन्हा लंगडत निघाली. आधीच्या झोकदार रेघेपुढे ही म्हणजे अगदीच भिकारडी.

आणि वहिनी काही गुणगुणलीच नाही. हूं नाही, चूं नाही. पुढे वाकून, पेनाचं टोपण चावत, नुसती बसून राहिली. कार्ड धरायची, काढायची, धरायची, काढायची. चहा गार झाला. मी "वहिनी" म्हटलं तर ऐकू गेलं नाही. एवढी रागावलेली मी तिला शनिवारनंतर पहिल्यांदाच बघितली.

आणि खरा पापुद्रा निळ्या झाकणातच आहे. फक्त त्यातच. बाकी सगळीकडे दादाच्या बदामाची चमकी. मी तो सगळ्यात सुंदर काढला होता, निळसर, काचेसारखा सपाट, कोपरा न दुमडलेला. आणि तिला त्याचा नुसता राग आला.

मी नुसतं खोकलो असतो तर काम झालं असतं. डबी देताना बोट जरा जास्त वेळ धरून ठेवलं असतं तरी तिला कळलं असतं. सगळं आयुष्य मी नको तिथे खोकत आलो, आणि आज खोकायची वेळ होती तर घसा आवळून बसलो. खोकलो असतो तर तिने स्वतः ओळखलं का मी सांगितलं म्हणून, हे मग कोणालाच कळलं नसतं. तिलासुद्धा.

घरी येताना मी विचारलं, "उद्या काय सांगणार?"

"तुला का सांगू?" वहिनी म्हणाली. "तू मला सांगितलंस?" आणि माझ्या टपलीत मारली. जोरात नाही. वर दुकानातून दादासाठी साखरेची पुडी घेतली. एवढ्या काळजीत माणसाला साखर कशी सुचते, देव जाणे.

आता तुला एक हात जोडून मागणं. ही वही वहिनीनेच दिलीय, अक्षर सुधारावं म्हणून, आणि ती उशीखाली ठेवायची माझी जागा घरात सगळ्यांना माहीत आहे. तू जो कोण वाचतोयस, तुला आता कळलंय की निळी खरी. ते विसर. आईने साधंभोळं तोंड करून विचारलं तरी नाही. दादाने शपथ घातली तरी नाही. आणि वहिनीला तर मुळीच नाही, ती उद्या चुकत असली तरी नाही. पाया पडतो तुझ्या. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलंय, माझी लाज राख. कोणाला सांगू नकोस.